एकाच पातेल्यात

त्या दिवशी सकाळी मी आईची कवळी उकळली.

लेकीच्या दुधाच्या बाटल्या उकळायचं जे स्टीलचं पातेलं होतं, त्याच पातेल्यात, तेवढंच पाणी घेऊन आणि तेवढीच मिनिटं. आई खाली सोसायटीत फिरायला गेली होती. सकाळी फिरायला जाताना ती कवळी घालत नाही. "एवढ्या पहाटे कोण बघतंय माझं तोंड," म्हणते आणि पदराचं टोक ओठांशी धरून निघते. कवळी नेहमीप्रमाणं बेसिनशेजारी निळ्या झाकणाच्या डबीत, पाण्यात होती. पाण्याला उकळी फुटली तशी वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या पातेल्याच्या कडेला टकटक आपटायला लागल्या. अंडी उकडताना येतो तसला आवाज. मी चमच्यानं एकदा उलटसुलट केल्या. गुलाबी हिरड्या, पांढरे दात, वर वाफ. हे सगळं बघताना मला काही वाईट वाटत होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. वाटत नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट, मुळापासून स्वच्छ करतोय असं समाधान होतं. सांडशीनं काढल्या, फडक्यावर गार केल्या, पुन्हा डबीत ठेवून झाकण लावलं.

आई आली, पाय धुतले, कवळी घातली. वरची बसली. खालची बसेना. तिनं ती काढून खिडकीच्या उजेडात धरली, आतल्या बाजूनं बोट फिरवलं, पुन्हा घातली, जीभ इकडून तिकडं नेऊन बघितली. "आज डुगडुगतीय बघ," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःलाच सांगितल्यासारखं, "माझीच हिरडी बसली असंल." मी लॅपटॉप उघडून कॉलवर होते, मान हलवली. त्या दिवशी तिनं चपाती चहात बुडवून खाल्ली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी भाकरी दुधात कुस्करताना ती दिसली आणि मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

या गोष्टीला आता सात महिने झाले. कवळी नवी झाली, पातेलंही बदललं. टकटक मात्र अजून कानात आहे, कधीही, अगदी अंडी उकडतानाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही लेकीला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. ती तीन वर्षांची. वरचे समोरचे चार दात हिरडीच्या कडेनं खडूसारखे पांढरट झालेले आणि मधल्या दोघांवर तपकिरी खाचा. मी ते आधी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं आणि बिस्किटाचा कण असेल, लोहाच्या औषधाचा डाग असेल, असं काहीबाही म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टर बाई तरुण होत्या. लेकीला माझ्या मांडीवर उताणी घेऊन डोकं स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवलं, ओठ अंगठ्यानं वर केला आणि मला म्हणाल्या, "हे बघा, वरचे गेलेत आणि खालचे समोरचे अगदी स्वच्छ आहेत. असं चित्र दिसलं की आम्ही एकच प्रश्न विचारतो. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपते का?" दूध ओढताना बाळाची जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी पसरते, म्हणून खालचे वाचतात, वरच्यांमागं दुधाचं तळं साचतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळं ते धुऊन न्यायला कुणी नसतं. त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, कुठंही आवाज न चढवता. मी "कधीकधी" म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, यातच त्यानं सगळं सांगितलं.

मग निघताना, सहज, बाकीच्या सूचनांबरोबर त्या म्हणाल्या की दात किडवणारे जंतू बाळ जन्माला येताना घेऊन येत नाही, ते घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून येतात. बहुतेक वेळा आईकडूनच, पण बाळाला सांभाळणाऱ्या कुणाकडूनही. उष्टा चमचा, फुंकर मारून चाखून दिलेली खीर, दाताखाली मऊ करून भरवलेला घास.

मी बाटली तिथंच सोडली आणि चमचा घरी घेऊन आले.

कारण आई लेकीला भरवते कशी, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. वरण-भाताचा चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावायचा, गरम आहे का बघायचं, थोडं चाखायचं, मग "आऽ कर." सफरचंदाची फोड कवळीच्या पुढच्या दातांनी खरवडून तो कीस बोटावर घेऊन भरवायचा. मलाही तिनं असंच वाढवलं, तिला तिच्या आईनं. गाडीत मागच्या सीटवर लेक आईच्या मांडीवर झोपली होती, आणि आरशात मला फक्त आईचं तोंड दिसत होतं. मिटलेलं. सकाळी पातेल्यात पाणी ओतलं ते त्या आरशातूनच.

रात्रीच्या बाटलीत अर्धा चमचा साखर मीच घालत होते, हे इथं सांगून टाकते. आईला ठाऊक नव्हतं. अमेरिकेच्या वेळेला जुळवून माझे कॉल रात्री दहा ते एक. त्या तीन तासांत लेक उठली तर माझी नोकरी नाही, निदान शांतता तरी जायची. साखर घातली की ती बाटली सोडत नसे आणि मीही सुटत असे.

आमच्याकडं, कागलच्या बाजूला, साखरेला नावं ठेवायची पद्धत नाही. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी आणि हवेत मळीचा आंबूस वास. ऊस दातांनीच सोलायचा. सुरी मागणाऱ्या पाहुण्याला हसायचो. गुऱ्हाळावर गेलं की गुळव्या मामा काहिलीतला उकळता रस उलथण्यावर घेऊन पाण्यात टाकून बघायचे, गोळी झाली की उतरवा. आम्ही पोरं उसाच्या चिपाडावर गरम काकवी गुंडाळून चाटायचो. माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, दात काळे होते. कीड नव्हे, मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायची, ती पार कोळशासारखी झाली की चुरायची आणि दुपारी भांडी झाल्यावर डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटानं सावकाश घासत बसायची. तो भाजल्या तंबाखूचा ठसका घरभर भरला की बायकांची दुपार झाली असं समजायचं. सत्तरीतही आजीचे दात जागच्या जागी होते. त्या मिश्रीनं पुढं तिच्या गालाचं काय झालं ते लिहायला आजही हात धजत नाही, म्हणून मिश्रीचं कौतुक इथंच थांबवते.

आईचे मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळे गेले. एकेक करून हलले, पू झाला, काढले. कोल्हापुरात कवळी करून घेतली तेव्हा मी सोबत होते, नोकरीला नुकती लागलेले. दवाखान्यात दाताचं माप घेतात ते गुलाबी गार लगद्यात. हा लगदा समुद्री शेवाळाच्या अर्कापासून, अल्जिनेटपासून करतात, हे मला फार पुढं वाचताना कळलं. त्याआधी मापाला जपानहून येणारं अगर-अगर, तेही शेवाळाचंच, वापरत. दुसऱ्या महायुद्धात जपानची वाट बंद झाली तेव्हा हे पर्यायी शेवाळ पुढं आलं. आईला त्या गोष्टीत काही रस नव्हता. तिला ओकारी येत होती आणि डॉक्टर "नाकानं श्वास घ्या, काकू" म्हणत होते. तोंडातून साचा निघाल्यावर त्यात स्वतःच्या हिरड्यांचा ठसा पाहून ती म्हणाली, "नांगरलेल्या रानासारखं दिसतंय."

कवळी प्रत्यक्ष घडते ती दवाखान्यात नाही, मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये. डॉक्टरांनी मला काहीतरी पोचवायला तिथं धाडलं आणि मी तासभर रेंगाळले. दहा बाय बाराची खोली. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा, प्रत्येकावर पेन्सिलीनं आडनाव. मेणाच्या गुलाबी पट्टीत दात बसवून तयार केलेला नमुना पितळी फ्लास्कमध्ये प्लास्टर ओतून गाडायचा, मग गरम पाण्यानं मेण वितळवून टाकायचं. मेणाची जागा रिकामी होते, दात प्लास्टरमध्ये तसेच राहतात. त्या पोकळीत काय भरायचं, ते लॅबवाले काका काचेच्या छोट्या बरणीत कालवत होते: गुलाबी पूड आणि पाण्यासारखं द्रव. नेलपॉलिशच्या चुलतभावासारखा, डोक्यात जाणारा वास. आधी ओल्या वाळूसारखं दिसलं. मग त्यांनी पात्याचं टोक घालून वर उचललं तर लांब तार सुटली. "अजून नाही," म्हणाले आणि झाकण लावलं. पाच-सात मिनिटांनी पुन्हा बघितलं. आता तार सुटत नव्हती, गोळा बरणीच्या काचेला न चिकटता सगळाच्या सगळा बाहेर आला, मळलेल्या कणकेसारखा. "आता भरायची." मला एकदम गुळव्या मामा आठवले. तोच डोळा, तोच मनगटाचा झटका, तीच तार. इथं फक्त तार संपायची वाट बघायची. मग फ्लास्क दाबात आवळून पाण्याच्या टाकीत, चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास, रात्रभर. घाई करून आच वाढवली तर आतलं द्रव उकळायला लागतं आणि कवळीत बारीक बुडबुडे राहतात, काका सांगत होते. ते शंभर अंशांच्या जवळपास उकळतं. त्या खोलीत त्यांनी मला सांगितलेली आणखी एक गोष्ट मी तेव्हा ऐकली आणि विसरले. तयार कवळीला पुन्हा उकळतं पाणी दाखवायचं नाही. दाबात घडताना आत कोंडलेले ताण उष्णतेनं सुटतात आणि ती वाकते. डोळ्याला दिसणार नाही एवढीच, पण हिरडीला कळतं.

बाबांच्या फंडाच्या पैशातून झाली ती कवळी. साखरेनं नेलेले दात साखरेच्याच पैशानं आले, हा बाबांचा आवडता विनोद. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात काढणाऱ्या डॉ. आर. अहमद यांनी सुरुवातीचा खर्च आपल्या सोडा फाउंटनच्या, म्हणजे गोड शीतपेयांच्या दुकानाच्या, कमाईतून भागवला, हे वाचलं तेव्हा ते ऐकायला बाबा नव्हते. त्यांनी ते कारखान्यात वर्षभर सांगितलं असतं.

आई चपाती चहात बुडवायला लागल्यापासून मी रात्रीचे कॉल संपले की वाचत बसायचे. अपराधी माणूस फार वाचतो. कवळीचा इतिहास हा माणसानं दुसऱ्याच्या तोंडातून स्वतःच्या तोंडात काय काय घातलं याचा इतिहास आहे. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती म्हणतात ते खोटं. हस्तिदंत, शिसं आणि माणसांचे दात होते तिच्यात. १७८४ च्या त्याच्या घरखर्चाच्या वहीत गुलाम माणसांना नऊ दातांपोटी पैसे दिल्याची नोंद आहे. वॉटर्लूच्या रणांगणावरच्या पोरांचे दात उपटून युरोपातल्या श्रीमंत म्हाताऱ्यांच्या तोंडात गेले. नंतर गंधक घालून कडक केलेलं रबर, व्हल्कनाइट, आलं आणि साध्या माणसालाही कवळी परवडू लागली. पण त्याच्या पेटंटवाल्या कंपनीनं दातांच्या डॉक्टरांकडून परवान्याचे पैसे वसूल करायचा असा काही सपाटा लावला, कोर्टकचेऱ्या केल्या, की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला सॅम्युअल चाल्फंट नावाच्या दंतवैद्यानं गोळी घातली. ईस्टरचा रविवार होता. खून कवळीपायी झाला असं जगात दुसरीकडं कुठं घडलं असेल असं वाटत नाही.

आणि मग १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट, पीएमएमए. हिरडीसारखा रंग देता येतो, दुरुस्त करता येतं, स्वस्त. तेच प्लास्टिक तेव्हा लढाऊ विमानांच्या काचांना वापरत. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत त्या काचेचे तुकडे घुसले आणि हॅरल्ड रिडली नावाच्या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की डोळा या तुकड्यांवर चिडत नाही. १९४९ मध्ये त्यानं त्याच पदार्थाचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. हे वाचताना मी रात्री दीड वाजता उठले आणि आईची फाइल काढली. सहासष्टाव्या वर्षी तिचा उजवा डोळा धर्मादाय शिबिरात झाला होता. डिस्चार्ज कार्डाला भिंगाचं स्टिकर चिकटवलेलं आहे, आणि त्यावर छापलंय: पीएमएमए. पुढं गुडघा बदलला. तो हाडाला धरून ठेवणारं सिमेंटही हेच. मँचेस्टरमध्ये खुब्याचा सांधा बसवणाऱ्या जॉन चार्नली यांना ते सुचवलं होतं तिथल्याच दंत महाविद्यालयातल्या डेनिस स्मिथ या दंतपदार्थांच्या अभ्यासकानं. म्हणजे गुडघ्याच्या खोलीतलं सिमेंट कवळीच्याच कपाटातून उचललेलं. आई बघते त्यातून, चालते त्यावर आणि चावते त्यानं. आणि मी त्यातलं एक उकळलं.

वाचता वाचता मी जिथं पोचायला नको होतं तिथंही पोचले. दात किडवणाऱ्या जंतूंतला मुख्य, स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स, १९२४ मध्ये लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांत ओळखला. त्याला चिकटून राहायला टणक जागा लागते, सालपटासारखी न सुटणारी. गालाची, हिरडीची त्वचा सतत गळत असते, तिथं त्याचा संसार टिकत नाही. म्हणून बिनदातांच्या तान्ह्या बाळात तो फारसा सापडत नाही, दात उगवू लागले की वस्तीला येतो. आणि म्हाताऱ्या माणसाचे सगळे दात गेले की तोही जातो. इथपर्यंत वाचून मला वाटलं, आई सुटली. पुढच्या ओळीत होतं: कवळी घातली की तो परत येतो. १९६९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची तोंडं तपासून हे दाखवलं. त्याला खरा दात आणि ॲक्रिलिक यांत फरक नाही, टणक असलं की झालं. ॲक्रिलिकला बारीक छिद्रं असतात, ओरखडे असतात. कँडिडा नावाची बुरशीही तिथं मुक्काम करते आणि टाळू लाल होतो. चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळा, टायटॅनियम मिसळा, पृष्ठभाग आणखी गुळगुळीत करा, संगणकावर कोरा, थरावर थर छापा. जगभरच्या प्रयोगशाळांत ॲक्रिलिकवर हे चालूच आहे, ते बऱ्याच अंशी हे पाहुणे टिकू नयेत म्हणून.

म्हणजे माझा संशय शास्त्राला धरून होता. त्या रात्री मला याचा जो आनंद झाला, तो मला पुढं कितीतरी दिवस पुरला, शरमेसाठी.

जंतू एकटा काही करू शकत नाही, हेही तिथंच लिहिलेलं होतं. ते मी दोन दिवसांनी वाचलं. त्याला साखर लागते, आणि किती यापेक्षा कितीदा. साखर मिळाली की काही मिनिटांत दातावरच्या थरात आम्ल तयार होतं, सामू (पीएच) साडेपाचाच्या खाली गेला की दाताचा चुना विरघळायला लागतो, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरा घोट आला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. दुधाच्या दातांचं कवच मुळातच पातळ. हे "कितीदा"चं गणित ज्या प्रयोगानं पक्कं केलं तो वाचून मी लॅपटॉप मिटला. स्वीडनमध्ये लुंडजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंदांची संस्था होती. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं तिथल्या माणसांना, ज्यांना कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, मुद्दाम मोठ्या केलेल्या चिकट टॉफ्या दिवसभर खायला घातल्या आणि त्यांचे दात किडताना मोजले. जेवणाबरोबरच्या साखरेनं फारसं बिघडलं नाही. अधूनमधूनच्या चिकट गोडानं तोंडंच्या तोंडं गेली. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या फक्त शनिवारी द्यायची रीत रुजली ती या निष्कर्षांच्या जोरावर. लेकीच्या डॉक्टरांनी मला जे दोन मिनिटांत, मऊ आवाजात सांगितलं, त्याच्या तळाशी ही माणसं आहेत. त्यातल्या एकाचंही नाव मला कुठं सापडलं नाही. आमच्या घरातल्या प्रयोगात निदान नावं होती.

लेकीचा उपचार यंत्र न लावता झाला. तीन वर्षांच्या मुलीला खुर्चीत बांधून दात कोरायचे नाहीत असं डॉक्टरांचं मत, आणि मला ते फार आवडलं. ओठांना व्हॅसलीन, दात कापसानं कोरडा करायचा आणि काडीच्या टोकाएवढ्या ब्रशनं एक थेंब. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. जपानमध्ये कित्येक दशकं वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दाताला पुन्हा घट्ट करतं. फ्लोराइडही अजब चीज आहे. माझी यवतमाळची मैत्रीण हसताना तोंडावर हात धरते, कारण तिच्या गावच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त होतं आणि दातांवर तपकिरी पट्टे आलेत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून ते पाण्यातून काढायची पद्धत बसवली, ती यासाठीच. आणि इथं तेच थेंबानं मोजून विकत घ्यायचं. "एक अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या, "कीड थांबेल, पण ती जागा काळी होईल. कायमची. दात पडेपर्यंत." त्यांनी फोटो दाखवले. मी सही केली. लेकीनं जीभ बाहेर काढून "नाण्यासारखं लागतंय" म्हटलं. नाण्याची चव तिला कशी माहीत, हा प्रश्न मी नंतरसाठी ठेवला.

दोन दिवसांत वरचे दोन्ही दात मधोमध काळेभोर झाले. बाळसेदार चेहरा, खळी, आणि हसली की काळं. मी फोटो काढायचे बंद केले. लिफ्टमध्ये एका बाईंनी "अगंबाई, चॉकलेट फार खातेस वाटतं" म्हटलं तेव्हा मी तिला ओढत बाहेर काढलं. घरी आले तर आई दारातच बसली होती. तिनं लेकीला मांडीवर घेतलं, ओठ वर केला, डॉक्टरांनी केला होता अगदी तसाच अंगठ्यानं, आणि इतकी हसली की बिघडलेली खालची कवळी खरोखरच निसटून तिच्या ओच्यात पडली. "अगं, ही तर माझ्या आईवर गेली! मिश्रीवाली म्हातारी!" लेकीला मिश्री म्हणजे काय ते कळलं नाही, पण आपण कुणासारखे तरी दिसतो याचा तिला आनंद झाला. दोघी हसत होत्या. एकीचं तोंड काळं, एकीचं रिकामं. मी चप्पल काढायची विसरून उभी होते.

त्या आठवड्यात मी आईला तिच्या कवळीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कवळी हातात घेऊन फिरवली आणि विचारलं, "गरम पाण्यात वगैरे पडली होती का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "जुनी झाली हो. सहा वर्षं झाली, ही दुसरी." डॉक्टरांनी ते मान्य केलं, कारण तेही खरंच होतं. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं, आणि वरच्यापेक्षा खालचं कितीतरी जास्त. पंचवीस वर्षं माणसांचा पाठपुरावा करून एका संशोधिकेनं ते चौपट असल्याचं १९७२ मध्ये मांडलं होतं. आईनं न वाचता तेच सांगितलं होतं, "माझीच हिरडी बसली असंल." संगणकावर कोरलेल्या कवळीची किंमत ऐकून तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली आणि "साधीच करा" म्हणाली. पुन्हा तोच गुलाबी लगदा, पुन्हा नाकानं श्वास.

नवी कवळी आणली त्या संध्याकाळी आईनं ओट्याखालचं ते स्टीलचं पातेलं काढून बोहारणीच्या पिशवीत टाकलं. तळाशी पांढरा थर धरलाय, दुधाला चांगलं नाही, म्हणाली. मग डबीत नळाचं पाणी घेता घेता, माझ्याकडं न बघता, "हिला गार पाण्यातच ठेवायची बरं का. त्या लॅबवाल्यांनी तेव्हाही सांगितलं होतं आपल्याला."

आपल्याला. तिला ते पंधरा वर्षं लक्षात होतं.

मी अजून तिला काही बोललेले नाही. बोलायला लागले तर साखरेपासून सुरुवात करावी लागेल, आणि ती "असू दे गं" म्हणेल, आणि मला ते नको आहे. रात्रीची बाटली बंद झाली. पहिल्या चार रात्री लेक रडून रडून निळी झाली, मी कॉलवर माइक बंद करून तिला थोपटत होते. आता दात घासून, पाणी पिऊन झोपते. बेसिनपाशी दोघी शेजारी उभ्या असतात. एक तोंडातले दात घासते, दुसरी हातातले. लेकीला याचा फार हेवा वाटतो. "मला पण काढून घासायचेत" म्हणून तिनं एकदा भोकाड पसरलं होतं.

काल रात्री मुगाची खिचडी होती. आई लेकीला भरवायला बसली. मी बघत होते. तिनं दोन चमचे घेतले होते, एक स्वतःसाठी, एक लेकीसाठी, वेगवेगळ्या वाट्यांत. हे तिला कुणीही सांगितलेलं नाही. मी नाही, लेकीच्या डॉक्टरांनी नाही, त्यांच्या खोलीत ती कधी गेलीच नव्हती. घास गरम आहे का ते तिनं मनगटावर टेकवून बघितलं आणि चमचा पुढं केला. लेकीनं तोंड मिटून घेतलं.

"आज्जी, आधी तू खा."

"तू खा, माझं हे बघ वेगळं आहे."

"नाही. आधी तू. मग गोड लागतं."

चमचा हवेत तसाच धरून आईनं माझ्याकडं पाहिलं.